कपाळाचं कातडं

घाटी दवाखाना, औरंगाबाद
२१ नोव्हेंबर १९८८

बद्री,

तुझं कार्ड तुझ्या नानासाहेब काकांनी आणून दिलं. तू विचारलंस, पिशोरला घराला कुलूप कसं, आई कुठं गेली. मी इथं घाटीत आहे, वच्छलापाशी. दुसरं कोण थांबणार? तिचा भाऊ सांडू आला होता. वॉर्डाच्या दारातूनच बघितलं, आत आला नाही. मला म्हणाला, "मावशी, आम्ही दिली ती दिली. तुमच्या घरात झालं, तुम्हीच निस्तरा." पिशवीत केळी होती ती माझ्या हातात दिली अन् गेला. गोदी फर्दापूरला माझ्या बहिणीकडं, आवडामावशीकडं आहे. पोरीला तिची आई एवढ्यात दाखवू नका म्हणून डॉक्टरीणबाईनं सांगितलं.

तुझ्यावर पोलिसांनी काय लिहिलंय ते मी इथं लिहीत नाही. तुझी पत्रं आधी तिथले साहेब वाचतात म्हणं. एवढंच लिहिते, की तिचं नाक गेलं. शेंड्यापासून पार वरच्या हाडापर्यंत. पट्टी सोडतात तेव्हा मी बघते, कारण ती माझा हात धरते अन् मला तोंड फिरवता येत नाही.

कडूबानं तो तुकडा ओल्या फडक्यात बांधून जीपमधी संगं आणला होता. पिशोर ते कन्नड, कन्नड ते औरंगाबाद. इथं येईस्तोवर तो काळानिळा पडला. कडूबा म्हणाला, "शिवून टाका ना बाई, आणलाय की आम्ही." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बाबा, त्यात आता जीव नाही." कडूबा जिन्यात बसून लई रडला. नात्याचा ना गोत्याचा, नुसता शेजारचा माणूस.

डॉक्टरीणबाईचं नाव प्रमोदिनी सेलूकर. प्लास्टिक सर्जरीच्या आहेत. मला वाटलं प्लास्टिकचं नाक बसवणार, बाजारात बाहुल्यांना असतं तसं. मी तसं विचारलं तर त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "नाही आजी, तिचंच कातडं घ्यायचं, कपाळाचं. आधी जखम भरू दे. नाक एका दिवसात होत नाही, तीन-चार वेळा टेबलावर घ्यावं लागेल. वर्ष जाईल, जास्तही जाईल."

तू विचारलंस, ती काय म्हणते. काही म्हणत नाही. आल्या दिवशी डॉक्टरीणबाईनं विचारलं तेव्हा तिनं तुझं नाव सांगितलं, ते तुला ठाऊकच आहे. त्यावरूनच तुला धरलं. नानासाहेब काकांनी फौजदाराला सांगितलंय, की कडबा कापताना पाय घसरून ती मशीनीवर पडली. सगळ्यांनी तेच धरून राहावं असं त्यांचं म्हणणं. फौजदारानं मला विचारलं तेव्हा माझी दातखीळ बसली होती. नंतरही मी काही बोलले नाही. अजून बोललेले नाही.

एक लिहिते, रागावू नकोस. शाळेतल्या मास्तरच्या फटफटीवर ती बसली, कारण कन्नडला शेवटची एस.टी. चुकली होती अन् घरी गोदी तापानं फणफणली होती. औषध पिशवीत होतं. मी तुला हे त्या दिवशीही सांगत होते. तू ऐकत नव्हतास.

तुझ्या हर्सूल जेलाकडची बस दवाखान्यापुढून जाते. पण पेशंटला टाकून मला येता येत नाही. अंगावर नीट पांघरूण घेत जा, तुला थंडीत छातीत भरतं.

आई


घाटी दवाखाना, औरंगाबाद
१४ जानेवारी १९८९

बद्री,

आज संक्रांत. वॉर्डात एका बाईनं तिळगूळ वाटला. वच्छलाला तोंड उघडता येत नाही म्हणून मी तो पाण्यात विरघळवून चमच्यानं दिला.

तिचं पहिलं आपरेशन झालं. तू दोन पत्रांत विचारलंस, कसं करतात. मी सांगते, मला समजलं तसं.

कपाळावर शाईनं पान काढलं, खाली देठ असलेलं. ते कातडं मापानं सोडवलं, पण भुवयांच्या मधी देठ तसाच ठेवला अन् पान उलटं फिरवून खाली नाकाच्या जागी शिवलं. आपण डाळिंबाची फांदी वाकवून मातीत दाबतो अन् मूळ फुटेस्तोवर आईपासून तोडत नाही, तसंच हे. देठातून रक्त येत राहतं. तीन आठवड्यांनी देठ कापायचा. कपाळाला जो खड्डा पडला तिथं मांडीचं पातळ कातडं लावलंय. मी विचारलं, मग मांडीचंच नाकाला का नाही लावलं? बाई म्हणाल्या, "ते आकसतं, काळं पडतं. चेहऱ्याला चेहऱ्याचंच कातडं शोभतं."

सध्या ती कशी दिसते ते लिहू का नको, असं झालंय. भुवयांमधून एक जाड वळी खाली उतरलीय, सोंडेसारखी. भोकांत रबराच्या नळ्या आहेत. पलीकडच्या खाटेवरची म्हातारी पहिल्या दिवशी किंचाळली. आता तीच हिला पाणी देते.

अन् एक अजब झालं. नव्या नाकावर माशी बसली, तर ही कपाळ झाडायला लागली. मी म्हटलं, "अगं, माशी नाकावर हाय." ती म्हणाली, "आत्याबाई, मला वर लागती." बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, कातड्याला अजून वाटतंय की आपण कपाळावरच आहोत. कळायला काही महिने लागतील, कधी कधी पूर्ण कळतही नाही.

कुंकवाची जागा गेली. ती नर्सला विचारत होती, कुंकू कुठं लावू. मीच म्हटलं, "राहू दे सध्या."

परवा बाईंच्या खोलीबाहेर बाकावर बसलो होतो. तिथं शहरातली एक पोरगी आली होती, उमा नावाची, कॉलेजात शिकणारी. संगं तिची आई. नाकाच्या मधी थोडा उंचवटा, बाकी चांगलं तरतरीत नाक. आई सांगत होती, दोन स्थळं नाकावरून परत गेली, सरळ करून द्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आई, तुम्ही थांबा. तिला बोलू द्या." पोरगी वच्छलाकडं बघत होती. वच्छलापण तिच्याच नाकाकडं बघत होती, टक लावून. मग पोरीनं विचारलं, "ताई, लई दुखतं का हो?" वच्छला म्हणाली, "दुखतं. पण तुमचं चांगलं हाय की." पोरीनं ओढणी नाकापाशी धरली अन् तशीच बसून राहिली. पुढं काय ठरलं ते मला समजलं नाही. पण बाई नंतर म्हणाल्या, "आजी, दोघींचं दुःख मला सारखंच ऐकावं लागतं. एकीला मोठं, एकीला छोटं म्हणायचा अधिकार मला नाही." मला काही ते पटलं नाही.

तुझी वही-पेन्सिल अन् बनियन नानासाहेब काकांसंगं पाठवलंय. भेटायला ये म्हणतोस. येते. देठ कापू दे.

आई


घाटी दवाखाना, औरंगाबाद
११ फेब्रुवारी १९८९

बद्री,

देठ कापला. नाक जगलं. बाईंनी सुई टोचून बघितली, लाल रक्त आलं. त्यांनी टाळी वाजवली, लहान पोरीसारखी. मोठं दिसतं, जाड दिसतं, शेंड्यावर थोडी लव उगवलीय. कपाळाला केस जवळ होते म्हणून. ती पुढं काढता येईल. बरगडीची कूर्चा का काय ती, मऊ हाड, घालून मधी उंच करायचं अजून बाकी आहे. पण आता चेहऱ्याला मधोमध काहीतरी आहे.

तिला आरसा दिला. तिनं लई वेळ बघितलं. मला वाटलं आता रडंल. ती म्हणाली, "हे कुणाचं हाय?" बाई म्हणाल्या, "तुझंच." ती म्हणाली, "माझं असं नव्हतं, बाई."

नानासाहेब काका काल आले होते. खाटेपाशी स्टूल ओढून बसले. आवाज खाली ठेवून बोलत होते. "वच्छला, झालं ते वंगाळ झालं. मी त्याची बाजू घेत नाय. पण उद्या गोदीचं लगीन करायचं का नाय? बाप जेलात म्हणल्यावर कोण दारात उभं राहील? तुझा भाऊ तुला ठेवून घेतो का? नाय घेत. मग तू जाणार कुठं? जमीन, घर, समदं बद्रीच्या नावावर. तो सुटला तर तू घरची मालकीण. नाय सुटला तर तू कोण?"

ती ऐकत होती. मी हातातली वाटी पुसत होते. ती पुसून झाली होती तरी पुसत होते.

मग ती म्हणाली, "मी मशीनीवर पडले. कोर्टात तसंच सांगते." तिचा आवाज आता नाकातून येतो, म्हणून नानासाहेबांना पहिल्यांदा समजलं नाही. तिला दुसऱ्यांदा सांगावं लागलं.

नानासाहेब माझ्याकडं वळून म्हणाले, "वहिनी, तुम्हीपण मग त्येच धरायचं. घरात तुम्ही दोघीच होत्या. दोघींचं एक आलं की झालं." मी मान हलवली.

तर तुझ्या मनासारखं होणार आहे. मी आई आहे, मला बरं वाटायला पाहिजे. वाटलंही. रात्री कधी नाही ती झोप लागली.

या बुधवारी मुलाखतीला येते. तिळाची चटणी अन् भाकरी आणते. आत घेऊ देतात का ते विचारून ठेव.

आई


घाटी दवाखाना, औरंगाबाद
१६ फेब्रुवारी १९८९

बद्री,

काल तुला बघून आले. वाळलास. दाढी वाढलीय.

मी हे पत्र आज लगेच लिहिते, कारण मनात ठेवलं तर त्याचं भलतंच होईल. जाळीपाशी गर्दी होती, सगळे ओरडून बोलत होते. माझ्या ऐकण्यात चूक झाली असंल, बघण्यात झाली असंल. तूच लिही.

तू विचारलंस, "बसलं का नाक?" मी म्हटलं, "बसलं." तू म्हणालास, "दिसतं कसं?" मी म्हटलं, "पहिल्यासारखं नाय, पण नाक हाय." मग तू म्हणालास, "डॉक्टरीणबाईला म्हणावं, लई मेहनत घेऊ नका."

अन् हसलास.

तुझ्या बाजूचा पोरगापण हसला. मी जाळीला हात लावून उभी होते, तो हात मी काढून घेतला. तुला ते दिसलं का नाही, ठाऊक नाही.

माझं चुकलं असंल तर लिही. मी वाट बघते.

आई


पिशोर
३० ऑगस्ट १९८९

बद्री,

तू त्या पत्राचं उत्तर एवढंच दिलंस, "आई, गंमत केली, तुला काही कळत नाही." त्यावर मी पाच महिने काही लिहिलं नाही. काल कोर्टात तू मला बघितलंस, मी तुला बघितलं. आता लिहिते. साहेबांना वाचायचं तर वाचू दे. जे लिहायचं ते मी भर कोर्टात बोलून आलेय.

उन्हाळ्यात वच्छलाला घरी आणलं. पुढच्या आपरेशनला अवकाश होता. गोदीला फर्दापूरहून बोलावलं. पोर दारात थांबली. आईनं हाक मारली, आवाज ओळखला, पण तोंड ओळखेना. माझ्या पदराआड गेली. दोन दिवस ती वच्छलाकडं पाठ करून बसायची अन् पाठमोरीच तिच्याशी बोलायची. तिसऱ्या दिवशी तिनं मागं हात करून बोटांनी नाक चाचपलं. म्हणाली, "गरम हाय." मग वळली.

गावातल्या बाया बघायला यायच्या. साळूबाई तर रोज. वच्छला आतल्या खोलीत जाऊन बसायची. ती शिकवायची त्या बालवाडीत तिच्या जागी दुसरी बाई ठेवली होती. पण घरात ती कामाला लागली, हळूहळू बोलायलाही लागली.

एक दिवस मला मेथी चिरायची होती, विळी सापडेना. मग बघितलं तर विळाही नाही, कुऱ्हाड नाही, तुझ्या दाढीची पेटी नाही. मी गोदीला विचारलं. ती म्हणाली, "आईनं नेलं." गोठ्याच्या मागं, भुशाच्या खाली पोत्यात सगळं बांधून ठेवलेलं होतं.

मी वच्छलाला म्हटलं, "हे काय केलंस?"

ती भाकरी थापत होती. हात थांबवला नाही. म्हणाली, "ते सुटून यायचेत ना आता."

मी म्हटलं, "अगं, तूच तर त्याला सोडवायला निघालीस. तूच कोर्टात सांगणार."

"व्हय. म्हणूनच लपवलं. यायच्या आत सवय लागाया पाहिजे, कुठं काय ठेवलंय ते."

असं म्हणाली अन् भाकरी तव्यावर टाकली. रडली नाही, आवाज चढवला नाही. पावसाआधी सरपण आत घ्यावं, तशी ती बोलत होती.

मी त्या दिवशी जेवले नाही. तुला वाटेल, आईला सुनेची माया आली. तसं नव्हतं रे. मला तुझं ते हसणं आठवलं. अन् मी बघत होते, की माझ्या घरात एक बाई माझ्या पोराच्या येण्याची तयारी करतेय, आणि ती तयारी कसली आहे.

काल कोर्टात आधी तिला बोलावलं. तू कठड्यात उभा होतास. ती तुझ्याकडं बघत नव्हती. सरकारी वकिलानं विचारलं, "हे कुणी केलं?" ती म्हणाली, "कडबा कापताना पडले." जजसाहेबांनी पुन्हा विचारलं, "बाई, तुम्ही दवाखान्यात नवऱ्याचं नाव सांगितलं होतं." ती म्हणाली, "तेव्हा शुद्ध नव्हती." नानासाहेब मागच्या बाकावर होते, त्यांनी उपरणं झटकून खांद्यावर टाकलं. झालं, असं.

मग मला पुकारलं.

"आरोपी तुमचा कोण?"

"पोटचा पोरगा."

"काय बघितलं तुम्ही?"

मी सांगितलं. मी ओसरीत भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. आत तिचं ओरडणं ऐकलं, धावले. तू तिच्या छातीवर गुडघा दिला होतास. तुझ्या हातात विळा होता. मी तुझा हात धरला. तुझ्या हाताला माझे दोन्ही हात पुरले नाहीत. तू मला भिंतीवर ढकललंस अन् मग ते केलंस. करताना तू म्हणत होतास, "आता बस फटफटीवर." मशीन गोठ्यात होती, तिला त्या दिवशी कुणी हात लावला नव्हता.

तुझा वकील उठला. म्हणाला, "आजीबाई, तुमची सून स्वतः सांगते की ती मशीनीवर पडली. तिचं नाक गेलं, तरी ती नवऱ्याविरुद्ध बोलत नाही. तुम्ही आई असून मुलावर का उठलात? कुणी शिकवलं?"

मी म्हटलं, "साहेब, ती त्याच्या भीतीनं खोटं बोलली. मला त्याची भीती नव्हती, मी त्याची आई हाय. आता मलापण वाटती. म्हणून बोलते."

तेव्हा तू माझ्याकडं बघितलंस. मी खाली बघितलं नाही.

बाहेर आल्यावर नानासाहेब म्हणाले, "वहिनी, आजपासून तुमचा-आमचा संबंध संपला." मी म्हटलं, "बरं." एस.टी.त वच्छला गोदीला मांडीवर घेऊन माझ्या शेजारी बसली. कन्नडला उतरल्यावर म्हणाली, "हे काय केलंत आत्याबाई? आता मला नांदवणार कोण?" मी म्हटलं, "मला काय ठाऊक." खरंच मला ठाऊक नव्हतं. तिनं गोदीला कडेवर घेतलं अन् माझ्या पुढं पुढं चालत राहिली.

आज सकाळी मी गोठ्यामागनं ते पोतं आणलं अन् विळी चुलीपाशी ठेवली. तिनं बघितलं. दुपारी तिनं त्याच विळीवर कांदा चिरला.

आई


हर्सूल
४ मार्च १९९१

बद्री,

तुला सात वर्षांची सजा झाली तेव्हा मी कोर्टात नव्हते. कडूबा येऊन सांगून गेला. मी त्या दिवशी तुला मोजून शिव्या दिल्या अन् मोजून रडले, कशाचा हिशोब कशाला लागला नाही.

तू पत्र लिहीत नाहीस. मुलाखतीला तीनदा आले, तिन्ही वेळा शिपायानं येऊन सांगितलं, "येत नाही म्हणतो." तो बिचारा कानकोंडा झाला होता. मी म्हटलं, "तुमची काय चूक?" चटणी त्याच्याकडं देऊन आले. मिळाली का तुला?

मी आता हर्सूलला राहते. गावठाणात एक खोली घेतलीय. मुलींच्या वसतिगृहात भाकरी करायला जाते. येता-जाता तुमची भिंत दिसते.

वच्छलाचं शेवटचं आपरेशन मागच्या पावसाळ्यात झालं. बरगडीचा तुकडा घेऊन आत घातला, जाड कातडं आतून खरवडून पातळ केलं, लव काढली. आता नाक नाकासारखं दिसतं. ओळखीचं माणूस म्हणंल बदललीय, अनोळखी म्हणंल काहीतरी लागलं होतं वाटतं. तेवढंच. कपाळाचा व्रण आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, याहून जास्त माझ्या हातात नाही." वच्छला त्यांच्या पाया पडायला वाकली तर त्यांनी तिचे दंड धरून तिला उभं केलं. म्हणाल्या, "श्वास घे बघू, तोंड मिटून." तिनं घेतला. बाई म्हणाल्या, "हे मला पाहिजे होतं. दिसणं नंतर."

पिशोरला राहणं होईना. नानासाहेबांनी विहिरीचं पाणी तोडलं, बाया बोलेनाशा झाल्या. वच्छला माझ्याशी कधी बोलायची, कधी दोन-दोन दिवस नाही. एकदा भांडण झालं तेव्हा म्हणाली, "तुम्ही तुमच्या मनाला बरं वाटावं म्हणून बोललात. मी मागितलं होतं का?" मी म्हटलं, "नव्हतं मागितलं." मी चूक केली का बरोबर केलं, हे ती अजून ठरवतेय. तिचा तो हक्क आहे.

शेवटी डॉक्टरीणबाईनंच तिच्यासाठी एका संस्थेत बालवाडीचं काम बघून दिलं, दुसऱ्या गावी. राहायची सोय आहे, गोदीला शाळा आहे. वच्छला पहिल्या आठवड्यात माघारी येईल असं मला वाटलं होतं. नाही आली. तिचं पत्र आलं, तिथली पोरं विचारतात, बाई, तुमच्या नाकाला काय झालं? ही म्हणते, नवीन हाय. पोरं म्हणतात, आम्हाला बी पाहिजे.

तिला सोडायला मी स्टँडवर गेले होते. गाडी लागली. गोदी खिडकीत बसली. वच्छला खाली उतरली अन् म्हणाली, "आत्याबाई, तुम्हीबी चला की. तुमचं इथं कोण हाय?"

कोर्टानंतर पहिल्यांदा तिनं मला असं चला म्हटलं. कपडे एका पिशवीत मावले असते.

मी म्हटलं, "माझं इथं कोण हाय ते तू नको बघू. मी तुझ्याबरोबर आले, तर उद्या तो मला शोधत येईल. अन् मी सापडले की तू सापडलीस."

ती माझ्याकडं बघत राहिली. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. तिनं पदर कमरेला खोचला, वर चढली. जाताना ती बघत होती का नाही ते मला दिसलं नाही, खिडकीवर ऊन होतं.

तर मी इथं आहे, अन् त्या दोघी तिकडं. ती मला भेटायला येत नाही, मी तिकडं जात नाही. तिची पत्रं मी वाचते अन् चुलीत घालते. गाव कोणतं ते मी कडूबालासुद्धा सांगितलेलं नाही.

तू सुटशील तेव्हा मी असेन किंवा नसेन. असले तर सरळ इथंच ये, दुसरीकडं कुठं जाऊ नकोस. देवीच्या देवळामागं, पत्र्याची खोली, कुणालाही विचार. आंघोळीला पाणी तापवीन. भाकरी देईन, अंथरूण देईन, तुला राहायचं तेवढं राहा. मी तुला दारातून परत पाठवणार नाही.

पण वच्छला कुठं आहे हे विचारू नकोस. गोडीनं विचार, पाया पडून विचार, माझा हात पिरगाळून विचार. मी सांगणार नाही.

आई